सोलापूरच्या झाडाचं वर्ष सप्टेंबरात सुरू होतं

झाडाची काळजी म्हटलं की आपल्याकडे लोकांना दोनच महिने आठवतात. जूनमध्ये रोप लावायचं आणि मेमध्ये पाणी घालायचं. मधले दहा महिने झाड रामभरोसे. मी जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड या भागातल्या काही सोसायट्यांची आणि शाळांची झाडं ठेक्यानं सांभाळतो. माझं म्हणणं एकच आहे: सोलापुरात झाड मेमध्ये तग धरणार की नाही, हे सप्टेंबर-ऑक्टोबरात ठरून गेलेलं असतं. मेमध्ये टँकर मागवून फक्त आधीची कसर भरून काढायची धडपड चालते.

आपला पाऊस बघा. वर्षाचा साधारण साडेपाचशे मिलिमीटर. मृगात चार सरी येतात, लोक खूश होतात, मग जुलै-ऑगस्टात ढग नुसते येऊन जातात. सगळ्यात जास्त पाऊस पडतो तो सप्टेंबरात, उत्तरा आणि हस्त नक्षत्रात. आमचं रान दक्षिण सोलापुरात. वडील खरिपात रान मोकळं ठेवायचे, कुळवून पाऊस मुरवून घ्यायचे आणि उत्तरा-हस्तात मालदांडी पेरायचे. पुढे थेंब नाही पडला तरी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर निघायची. कोरडवाहू शेतीचं संशोधन इथे १९३३ सालापासून चाललंय, त्याचाही गाभा हाच, पडेल ते पाणी जागेवर मुरवा. बंगल्यातल्या कडुनिंबाला वेगळा नियम कशाला हवा?

सप्टेंबर-ऑक्टोबर: ओल साठवा

पहिलं काम आळ्याचं. बहुतेक ठिकाणी आळं खोडाला चिकटून असतं, हातभर रुंदीचं. पाणी पिणारी बारीक मुळं तिथे नसतात. दुपारी बारा वाजता झाडाची सावली जिथे संपते, साधारण त्या रेषेच्या आत-बाहेर ती असतात. म्हणून आळं तिथपर्यंत न्या. खोडाजवळ माती थोडी उंच, बाहेर उतार आणि कडेला वीतभर उंचीचा वरंबा. खोडाच्या बुंध्याशी पाणी साचून राहिलं तर साल कुजते. काळ्या मातीत हे लवकर होतं, कारण ती पाणी धरते तशी सोडत नाही. जोराचा पाऊस लागून आळ्यात दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं, तर वरंबा एका बाजूने फोडून द्या. मुरमाच्या जागेवर ही भीती नाही, तिथे पाणी थांबवणं हेच अवघड.

दुसरं काम छपराच्या पाण्याचं. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. शंभर चौरस मीटरचा स्लॅब आणि वीस मिलिमीटरची एक चांगली सर म्हणजे दोन हजार लिटर. थोडं सांडलं-उडालं धरलं तरी दीड हजार कुठे जात नाही. हे पाणी पाइपातून थेट गटारीत जातं आणि तोच माणूस मेमध्ये टँकरला पैसे मोजतो! पाइपाला खाली एक एल्बो आणि लांब नळी जोडून पाणी झाडाच्या आळ्यात सोडा. पहिल्या पावसाचं घाण पाणी जाऊ द्या, मग जोडा. दोन-तीन झाडं असतील तर दर सरीला नळी बदला. उजनी धरणाचं पाणी नळाला काही दिवसांआड येणाऱ्या गावात यापेक्षा स्वस्त पाणी मला तरी माहीत नाही.

शेणखतही याच वेळी. मोठ्या झाडाला दोन-तीन पाट्या चांगलं कुजलेलं खत, आळ्याच्या बाहेरच्या कडेला पसरून वरच्यावर मिसळायचं. ताजं शेण टाकू नका, हुमणी (मुळं खाणारी अळी) येते आणि वाळवीलाही आमंत्रण.

पाऊस उघडला की आठ-दहा दिवसांत माती वाफशावर येते, म्हणजे ओल असते पण चिखल नसतो. तेव्हा खुरप्यानं वरची दोन बोटं माती मोकळी करा आणि लगेच आच्छादन टाका. हे लांबवू नका. काळी माती सुकताना भेगा पडतात. भेगेतून खालची ओल उडून जाते आणि आडवी गेलेली बारीक मुळं तटातट तुटतात. भेग दिसली की मोकळी माती ढकलून बुजवायची, वर आच्छादन. आच्छादनाला कडबा कुणी देणार नाही, तो जनावरांना पुरत नाही. पण उसाचं पाचट जिल्ह्यात हवं तेवढं आहे, आणि शेंगांची टरफलं तेलघाण्याकडे किंवा शेंगा फोडणाऱ्याकडे पोत्यानं मिळतात. टरफलं मला जास्त आवडतात, वाऱ्यानं कमी उडतात आणि दिसायलाही नीटनेटकी. थर तीन-चार इंचाचा, खोडापासून मात्र वीतभर लांब. खोडाला टेकवून ढीग केला की खाली वाळवी आणि वर बुरशी.

याच सुमारास लोक कडुनिंबाचे शेंडे दाखवायला बोलावतात. फांद्यांची टोकं तपकिरी होऊन वाळतात, झाड जळाल्यासारखं दिसतं. ही शेंडेमर आहे. पावसाळी दमटपणात बुरशी वाढते, शिवाय रस शोषणारा ढेकण्या कोवळ्या शेंड्यांना टोचून तिला वाट करून देतो. अख्खं झाड सहसा मरत नाही, पुढच्या पालवीला सावरतं. आवाक्यातले वाळलेले शेंडे हिरव्या भागापर्यंत मागे कापून जाळून टाका आणि झाडाला ओलीचा ताण पडू देऊ नका. उंच झाडावर फवारणी करून देतो म्हणणारे भेटतात. चाळीस फुटांवर घरगुती पंपाचा फवारा पोहोचत नाही, पैसे मात्र पोहोचतात.

नवरात्रात आणि दिवाळीत झाडांना लाइटच्या माळा गुंडाळल्या जातात. सण झाला की माळ काढायची आठवण कुणालाच राहत नाही. खोड जाड होतं, वायर सालीत रुतते. दसऱ्याला आपट्याच्या फांद्याच्या फांद्या मोडून नेतात त्याबद्दल काय बोलणार! निदान आपल्या कंपाउंडातल्या झाडाची पानं कात्रीनं कापून द्या, ओरबाडू देऊ नका.

थंडीतली छाटणी

आपल्याकडची थंडी झाडाला त्रास देत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात मोठ्या झाडांचं काही करू नका, लहान रोपांना आठवड्या-दहा दिवसांनी पाणी द्या, पुरे. छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत, नवी पालवी यायच्या आधी. त्यातही संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस सोडून धरा, तेव्हा फांदी तोडणारी माणसं मिळत नाहीत, सगळे गड्ड्याच्या जत्रेत.

आधी परवानगीचं. महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ सालचा आहे. झाड तुमच्या हद्दीत असलं तरी तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष धरलं जातं. मोठ्या फांद्या काढायच्या असतील तरी उद्यान विभागाकडे अर्ज आणि झाडाचा फोटो देऊन ठेवा. शेजाऱ्याशी भांडण झालं की पहिली तक्रार झाडावरूनच होते.

आता कापायचं कसं. कोयत्यानं नाही, करवतीनं. कोयत्याचा घाव चिरफाळतो. मनगटाहून जाड फांदी असेल तर तीन काप घ्यायचे. पहिला काप खोडापासून हातभर लांब, खालून वर, फांदीच्या एक तृतीयांश जाडीइतका. दुसरा त्याच्या चार बोटं पुढे, वरून खाली. फांदी तिथे मोडून पडते, पण खालच्या कापामुळे साल सोलत खोडापर्यंत जात नाही. राहिलेला खुंट तिसऱ्या कापानं काढायचा. हा तिसरा काप सगळ्यात महत्त्वाचा. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे सालीचा फुगीर, सुरकुतलेला गोल कंगोरा असतो. बोटानं चाचपलात तर डोळे मिटूनही कळतो. जखम भरून येते ती या कंगोऱ्यातून. काप त्याच्या अगदी बाहेरून घ्या. कंगोऱ्यासकट खोडाला सपाट कापलं तर जखम मोठी होते आणि भरत नाही. खुंट ठेवला तर तो वाळतो, कुजतो आणि कूज आत जाते. तारांखालच्या फांद्या जशा अर्ध्यातून छाटून खुंट सोडलेले दिसतात ना, त्यातून पुढच्या वर्षी झाडूसारखे दहा-बारा फुटवे येतात. ते सालीला नुसते चिकटलेले असतात, वाऱ्याला तेच आधी खाली येतात.

एका वेळी झाडाचा पाव भाग, त्याहून जास्त काढू नका. «एकदाचं भादरून टाका मालक, दरवर्षी कोण बघणार,» असं मला दरवर्षी ऐकावं लागतं. भादरलेल्या झाडाला मेमध्ये सावली नसते, स्वतःच्या खोडालासुद्धा.

मोठ्या कापांवर बोर्डो पेस्ट लावायची आपल्याकडे पद्धत आहे. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी. घरच्यापुरतं शंभर-शंभर ग्रॅम आणि एक लिटर. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत भिजवा, लोखंडी भांडं नको, मग एकत्र ढवळा. लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून बघा. खिळ्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. पण एक ध्यानात ठेवा, काप चुकला असेल तर पेस्ट त्याला वाचवत नाही.

छाटणीला माणूस झाडावर चढलाच आहे तर बांडगूळ बघून घ्या. आंब्यावर, करंजावर, कडुनिंबावर वेगळ्याच जाड पानांचा झुबका दिसतो, नळीसारखी फुलं येतात. फळं चिकट असतात. फुलटोच्या पक्षी ती खातो आणि बी दुसऱ्या फांदीवर घासून ठेवतो, की तिथे नवं बांडगूळ. नुसतं उपटलं तर परत फुटतं. चिकटलेल्या जागेपासून फूटभर मागे फांदीच कापा, फळ धरायच्या आत.

पेरू, बोर, शेवगा, आंबा यांच्या खोडावर फांदीच्या बेचक्यात लाकडाचा भुसा आणि विष्ठा विणून केलेली तपकिरी जाळी दिसली, तर ती साल खाणाऱ्या अळीची. जाळी ब्रशनं साफ करा. खाली पेन्सिल जाईल असं भोक असतं. त्यात सायकलच्या तारेनं अळी टोचा, रॉकेल किंवा पेट्रोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा घाला आणि ओल्या मातीनं भोक लिंपा. चार-पाच दिवसांनी ताजा भुसा दिसला नाही म्हणजे काम झालं.

पानगळ म्हणजे मरण नव्हे

फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब पिवळा पडून झडतो, पिंपळ झडतो, गुलमोहराच्या नुसत्या काड्या आणि शेंगा उरतात. लोक घाबरून रोज पाणी घालतात, युरिया टाकतात. झाड पाणी वाचवायला पानं टाकतंय, त्याला टाकू द्या. शंका असेल तर बारीक फांदीची साल नखानं खरवडा. आत हिरवं आणि ओलसर असेल तर झाड ठणठणीत आहे. तपकिरी, कोरडं असेल तर खाली-खाली खरवडत जा, हिरवं कुठे लागतं बघा.

पाला जाळू नका. झाडाच्या बुडाशी पेटवलेल्या ढिगानं सालीखालचा जिवंत थर शिजतो. त्या वर्षी कळत नाही, दोन वर्षांनी एका बाजूच्या फांद्या वाळायला लागतात. होळीसुद्धा झाडापासून चांगली लांब. पाला आळ्यातच टाका, उडू नये म्हणून वर पाणी शिंपडा.

मार्च ते मे

किती दिवसांनी पाणी, याचं एकच उत्तर नाही. जमिनीला विचारा. पेन्सिलच्या जाडीची दोन फुटी लोखंडी सळई आळ्यात दाबा. ओल आहे तिथपर्यंत ती सरळ जाते, कोरडं लागलं की अडते. फूटभर सहज गेली तर पाणी नको. चार-सहा इंचांवर अडली तर द्या. मुरमात सळई दगडाला अडते, तिथे कुदळीनं उकरून हात लावूनच बघावं लागतं.

पहिल्या उन्हाळ्यातल्या रोपाला आठवड्यातून दोनदा वीस-वीस लिटर, दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा चाळीस लिटर, हा माझा सर्वसाधारण अंदाज. रोज तांब्याभर पाणी घालणं सगळ्यात वाईट. मुळं वरच राहतात आणि एक दिवस गावाला गेलात की संपलं. पिण्याच्या पाण्याचा जुना जार असेल तर त्याच्या बुडाला खिळ्यानं बारीक भोक पाडा आणि भरून रोपाशी ठेवा. वीस लिटर सावकाश आत मुरतं. कुंभाराचा कच्चा माठ गळ्यापर्यंत पुरून भरत राहिलात तर आणखी चांगलं. झाकण ठेवा, डास होतात.

जुन्या झाडाला फेब्रुवारीपासून महिन्यातून एकदा, पण भरपूर. सहा मीटर व्यासाच्या पसाऱ्याखाली साधारण अठ्ठावीस चौरस मीटर जागा येते. तिला पंचवीस मिलिमीटर पावसाइतकं पाणी म्हणजे सातशे लिटर. संध्याकाळी, आळ्याच्या बाहेरच्या कडेला, नळी बारीक सोडून. सप्टेंबरात ओल मुरवून आच्छादन टाकलेल्या झाडाला यातल्या एक-दोन पाळ्या चुकल्या तरी चालतं.

बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर मातीवर पांढरी पापुद्री येते आणि पानांच्या कडा जळतात. आरओचं टाकाऊ पाणी तर त्याहून क्षारांचं. तेच रोज एकाच झाडाला घालू नका. वॉशिंग मशीनचं पाणीही नको. भाजी, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी खुशाल घाला.

कागदी लिंबाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, झाडाला मिळत नाही. युरिया टाकून पान हिरवं होणार नाही, चिलेटेड लोह पाकिटावरच्या प्रमाणात द्यावं लागतं. तेही भर उन्हाळ्यात नाही, जूनमध्ये. एप्रिल-मेमध्ये कुठलंच खत नको, छाटणी नको. लहान झाडाच्या खोडाला दक्षिण-पश्चिमेच्या बाजूनं चुना लावा. त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीचं ऊन पातळ सालीवर पडलं की साल तडकते आणि त्या फटीत बुरशी शिरते.

वळवाच्या आधी

एप्रिलच्या मध्यापर्यंत झाडाखाली उभं राहून वर बघायचं काम उरकून घ्या. वळीव आला की पाऊस दहा मिनिटांचा, पण वारा झाड उलटवणारा. गुलमोहर, पीतमोहर, रेन ट्री यांची फांदी ठिसूळ. दोन सारख्या जाडीच्या फांद्या अरुंद बेचक्यातून वर गेल्या असतील आणि बेचक्यात चीर दिसत असेल, तर ते धोक्याचं ठिकाण. बुंध्याशी आळंब्या किंवा लाकडासारखी कडक बुरशी, एका बाजूची माती उचललेली, पूर्वी सरळ असलेलं झाड कललेलं, यातलं काहीही दिसलं तर त्याखाली गाडी लावणं थांबवा आणि जाणकाराला बोलवा. वाळलेली फांदी कुठल्याही महिन्यात काढता येते, तिला मुहूर्त लागत नाही.

पेव्हर ब्लॉक बसवताना मिस्त्री खोडापर्यंत घट्ट बसवतो. निदान चार फूट बाय चार फूट जागा मोकळी ठेवून घ्या, आणि तो मुळं कापत असेल तर काम थांबवा. पडणारी बरीचशी झाडं गटार नाहीतर पाइपलाइनसाठी एका बाजूची मुळं तोडलेली असतात. दोष वाऱ्याला लागतो.

लावणी

खड्डा मे महिन्यात काढून तापू द्या, तीन फूट लांब-रुंद-खोल. मुरूम असेल तर काढलेल्या मुरमाच्या जागी काळी माती आणि शेणखत भरा. काळी जमीन असेल तर तीच माती परत भरा, फक्त खत मिसळा. नुसतं भुसभुशीत मिश्रण भरलं तर भोवतीच्या चिकण मातीत तो खड्डा हौदासारखा भरतो आणि मुळं गुदमरतात. पिशवी फाडल्यावर मुळं गोल गुंडाळलेली दिसली तर ती उभ्या कापांनी मोकळी करा.

झाड कुठलं? कडुनिंब, करंज, चिंच, बहावा, शिरीष, आपटा. मोठं मैदान असेल तर वड, पिंपळ. हल्ली भिंतीच्या कडेनं हिरवंगार दिसतं म्हणून कोनोकार्पस लावतात. गुजरातनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, तरी आपल्याकडे रांगाच्या रांगा चालल्यात. माझ्याकडून कुणी मागितलं तर मी लावत नाही.

वटपौर्णिमा झाली की वडाभोवतीचा दोरा आठवड्याभरात कापून घ्या. सुती दोरा कुजतो, पण हल्ली नायलॉनचा मिळतो आणि तो कोवळ्या वडाच्या सालीत रुततो. पूजा करणाऱ्या मावशींना आधी विचारा, कात्री तुमच्या हातात दिली की त्या स्वतःच सांगतात कुठून कापायचं.

रोपाला काठी मुळांच्या गोळ्याबाहेर रोवा. बांधायला सुतळी किंवा तार नको. आपल्या गावात टॉवेलच्या कारखान्यातून काठाच्या मऊ पट्ट्या मिळतात, त्या इंग्रजी आठच्या आकारात सैल गुंडाळा, म्हणजे रोप वाऱ्यानं थोडं हलेल आणि खोड भरेल. ऑगस्टात खंड पडला की पावसाळा आहे म्हणून गप्प बसू नका, सळई घाला आणि पाणी द्या. जूनमध्ये लावलेली रोपं मेपेक्षा याच महिन्यात जास्त जातात. पट्टी दर दोन महिन्यांनी सैल करायची, वर्षानं काठी काढून टाकायची. लोखंडी जाळी असेल तर खोड तिला टेकायच्या आत कापून मोकळी करा, गॅस कटरवाल्याला बोलावलंत तर खोडावर ओलं गोणपाट गुंडाळून मगच काम करू द्या.